स्टेजची डावी बाजू

एका वाक्यात? एका वाक्यात कसं सांगू गं तुला — टॅलेंट, मेहनत का नशीब, तीनातलं एक निवडायचं, परीक्षेतल्यासारखं, आणि तू ते तुझ्या फिल्ममध्ये लावणार, खाली माझं नाव, सिल्व्हिया मावशी, बेलापूर — नाही नाही, चिडले नाही मी, बस तू. पंख्याचा आवाज येतोय का त्यात? राहू दे? बरं. तुला राजसनंच पाठवलं ना? वाटलंच मला. बँडला दहा वर्षं झाली, आज संध्याकाळी नगरला कार्यक्रम आहे, जाता जाता बेलापूरला मावशीकडं जाऊन ये म्हणला असणार. आणि स्वतः येतो का? येतो, नाताळात येतो, केक घेऊन येतो, पण ह्या खोलीत पाय ठेवत नाही. अंगणातच बसतो. मी म्हणते, अरे आत ये, बाहेर गार आहे — तर म्हणतो, इथंच बरं आहे मावशी. एवढा मोठा माणूस, हजारो लोक त्याच्यासमोर उड्या मारतात, आणि ह्या दहा बाय बाराच्या खोलीला भितो. आता ह्यातलं काय घालशील तू एका वाक्यात?

हीच ती खोली, व्हय. ह्याच खोलीत सुरू झालं सगळं. ती मशीन आहे ना खिडकीपाशी, तिच्यावर मी गाऊन शिवायचे, लग्नाचे, आमच्या लोकांत पांढरा गाऊन लागतो ना — आणि जूनमध्ये शाळेचे गणवेश. मशीनच्या अलीकडं मी आणि पलीकडं ही पोरं. ओमचा ढोल, ढोल म्हणजे ते ड्रम गं, ते दारात, कारण आत मावायचेच नाहीत. जस्टिन त्या पलंगावर मांडी घालून, आणि राजस भिंतीकडं तोंड करून. माझ्याकडं तोंड करून गायची लाज वाटायची त्याला. आणि लाज वाटावी असंच गायचा, खोटं कशाला बोलू! फुटका आवाज होता. शेजारची साळूबाई मला म्हणायची, ‘बाई, त्या मास्तराच्या पोराला कुनीतरी गप करा, म्हैस पान्हा सोडंना माजी.’ त्याचे वडील नृसिंह सर, शाळेत संस्कृत शिकवायचे, त्यांना तर हे मुळीच मान्य नव्हतं — मुलगा ख्रिस्तवाड्यात जाऊन किंचाळतो म्हणायचे. पण राजस यायचा. एक ओळ घेऊन बसला की तीच ओळ, तीच ओळ, मी एका गाऊनची झालर पुरी करायचे तरी ह्याची तीच ओळ. एकदा घशातून रक्त आलं, मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या, दुसऱ्या दिवशी परत हजर, आवाज बसलेला, तरी भिंतीकडं तोंड.

आणि आमचा जस्टिन? आमचा जस्टिन पेरू खायचा. हसू नकोस, खरंच पेरू खायचा. त्याला काही करावंच लागायचं नाही. त्याचे पप्पा, याकोब, चर्चमध्ये पेटी वाजवायचे, ते गेले तेव्हा हा सातवीत होता, आणि पुढच्याच रविवारी हा पेटीवर जाऊन बसला आणि सगळी गीतं वाजवली — कुणी शिकवलं नव्हतं गं, पप्पांच्या मांडीला मांडी लावून बसायचा तेवढंच. पाळकसाहेब म्हणाले, सिल्व्हियाताई, हे कृपादान आहे. गिटार तर त्यानं एका सुट्टीत उचललं. एकदा ऐकलं की आलं. मशीनचं पायडल मारता मारता माझी लय चुकली तरी तो तिकडून सांगायचा, मम्मी, घाई करू नको. राजस तासभर घासायचा, जस्टिन पेरू संपवून हात पुसायचा, गिटार घ्यायचा आणि दोन मिनिटांत असं काही वाजवायचा की मी मशीन थांबवायचे. राजस तेव्हा वळून बघायचा. मी बघायचे त्याचे डोळे. राग नसायचा त्यांत, हेवासुद्धा नाही म्हणणार मी. भूक. उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटाकडं बघतो ना, तसं. आणि ताट ज्याचं होतं त्याला भूकच नव्हती — नाही, काही नाही. पुढं सांगते.

कोपरगावचं. ते विचारायलाच आलीयस ना, मग विचार की सरळ. एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता. आधी भाषणं, मग ही पोरं, मग जेवण. ह्यांना तोपर्यंत कोण विचारत होतं? ‘चिपाड’ नाव बँडचं, लोक हसायचे, उसाचा रस काढून झाल्यावर राहतं ते हे. पण राजसनं कुणाकुणाचे पाय धरून तो कार्यक्रम मिळवला होता. फेब्रुवारीतली संध्याकाळ, मैदानात धूळ उडू नये म्हणून टँकरनं पाणी मारलेलं, स्टेजवरसुद्धा सगळ्या सतरंज्या ओल्या. जस्टिन नेहमी अनवाणी वाजवायचा, डाव्या बाजूला उभा राहून. पहिलं गाणं नीट झालं. मग ‘पाचट’ सुरू केलं, त्यांचं ते ऊस तोडल्यावर पाचट पेटवण्याचं गाणं, तू ऐकलंच असशील, सगळ्यांनी ऐकलंय. अर्ध्यात राजसचा माईक गेला. जस्टिननं आपला माईक त्याच्या हातात दिला — तू गा म्हणला — आणि स्वतःसाठी भाषणाचा माईक ओढून घेतला. तो माईक दुसऱ्या लाइनीवर होता. जनरेटरवाला कानिफनाथ नंतर इथं येऊन रडला माझ्यापुढं, ‘ताई, दोन लायनी हुत्या, अर्थिंग कुनी केलंच न्हवतं, मला इचारलं बी न्हाई वो कुनी.’ गिटारच्या तारा हातात, पाय ओल्यात, आणि ओठ माईकला लागले.

बास. एवढंच. लोकांना वाटलं नाचतोय. टाळ्या वाजवल्या.

थांब, पाणी पी तू. मला नको. मला सवय आहे.

आता तुमचं ते नशीब ऐक. कुणीतरी मोबाईलवर ते गाणं घेतलं होतं. जस्टिन हसत माईक देतो, तिथपर्यंतचं. ते टाकलं कुणीतरी — ‘शेवटचं गाणं’ असं नाव देऊन — आणि आठवड्यात ते सगळीकडं. रिक्षावाले वाजवायला लागले, कॉलेजात वाजायला लागलं. आम्ही इकडं दफनाहून येऊन घर धूत होतो आणि तिकडं मुंबईहून राजसला फोन. कोण कुठली गाण्यांची कंपनी. राजसनं पहिल्यांदा ठेवून दिला फोन, मला माहितीय, ओमनं सांगितलं. मग फोन परत आला, मग तो गेला. का जाऊ नये त्यानं? वीस पिढ्यांत एकदा दार उघडतं असं, आणि हा तर जन्मभर दाराशी उभा होता. आज लोक म्हणतात राजसचं नशीब काय बाई! मला बाजारात गाठून म्हणतात, तुमच्या घरात वाढला, कसं नशीब काढलं. मी मान हलवते. ते नशीब मी आंघोळ घालून, कोट घालून पेटीत ठेवलंय, त्यांना काय सांगू? तरी मी म्हणत नाही की नुसत्या नशिबानं झालं. नशिबानं एक गाणं चाललं असतं. पुढची एवढी वर्षं कुणी गायली? त्या फुटक्या आवाजाचं त्यानं काय करून दाखवलं! आता तो वरच्या सुरात जातो ना, तिथं तो आवाज फाटतो, आणि तिथंच लोक रडतात. साळूबाईसुद्धा रडते आता.

ते व्हिडिओ? बघते की. किती लोकांनी बघितलंय ते खाली लिहिलेलं असतं ना, कोटीच्या वर गेलंय — त्यातले निम्मे मीच असेन. रोज बघते. सकाळी मशीनवर बसायच्या आधी. तो हसतो, माईक पुढं करतो, तिथं संपतं. बरं आहे तिथं संपतं ते.

काय म्हणलीस? डावी बाजू? तू बघितलंस व्हय ते? हां, कार्यक्रमात डाव्या बाजूला कुणी उभं राहत नाही. स्पीकर ठेवलेला असतो जस्टिनचा, चालू केलेला, लाल दिवा लागलेला, आणि पुढं रिकामी जागा. नवा गिटारवाला मुलगा चांगला आहे, पण त्याला उजवीकडंच राहायला सांगितलंय. ‘पाचट’मध्ये दुसरं कडवं संपलं की सगळे थांबतात, कुणीच काही वाजवत नाही, आणि लोकांना वाटतं किती छान, मित्राची आठवण ठेवली. त्यांना वाटू दे. तुला म्हणून सांगते — राजसला ऐकू येतं. मस्करी नाही करत. मला फोन करतो तो, प्रत्येक कार्यक्रमानंतर, मग तो बंगळूर असो नाहीतर दुबई. हॅलो नाही, काही नाही. ‘मावशी, आज आला होता.’ मी विचारते, कसं वाजवलं? तो म्हणतो, ‘नेहमीसारखं, एक मात्रा उशिरा.’ जस्टिन तसाच यायचा गं, जरासा उशिरा, सगळे पोचले की मग सावकाश. आणि कधी कधी म्हणतो, ‘मावशी, आज नाही आला. माझं काही चुकलं का?’ त्या दिवशी मग झोपत नाही तो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. बायको सोडून गेली, तुला माहितीच असेल, पेपरात आलं होतं — ती मला म्हणाली होती, मावशी, ह्या घरात आम्ही तिघं राहतो. राजसच्या मनात एकच बसलंय. तो भाषणाचा माईक आपल्या हातात यायचा होता, मरण आपलं होतं, नाव जस्टिनचं व्हायचं होतं, सगळं उलटं झालं. ‘मी त्याचं आयुष्य जगतोय, मावशी,’ असं म्हणतो. त्याचं आयुष्य! जस्टिनला ते आयुष्य नकोच होतं, तर हा कसलं —

नाही. म्हणजे तसं नाही.

बरं, आता निघालंच तोंडातून. कोपरगावच्या आदल्या रविवारी, मी इथंच एका गाऊनला मोती लावत होते, चर्चहून आला, पलंगावर आडवा झाला आणि म्हणला, मम्मी, हा कार्यक्रम झाला की मी बँड सोडणार. मी म्हणलं, का रे, भांडलात का? तर म्हणला, छे, भांडायचं काय, मला कंटाळा येतो. मला येतं गं वाजवायला, पण त्याचं मोठं काही व्हावं असं मला वाटतच नाही, राजसला वाटतं तसं. मला नर्सरी टाकायचीय. उसाच्या रोपांची. पप्पांचं ते अर्धा एकर रान पडून आहे ना, तिथं सावलीसाठी शेडनेट करायचं, ट्रेमध्ये रोपं लावायची — सगळं बघून आला होता तो, एवढा खुलून बोलत होता की गिटारबद्दल कधी तसा बोलला नव्हता. मी विचारलं, आणि गिटार? म्हणला, घरातच आहे की, वाटलं तर वाजवीन. राजसला सांगितलंस का? म्हणला, कार्यक्रम झाल्यावर सांगतो, आधी सांगितलं तर गायचा नाही तो.

म्हणून राजसला माहीत नाही. कुणालाच नाही माहीत. तूच.

असं काय बघतेस? व्हय, सांगितलं असतं तर सुटला असता तो, कळतं मला. त्यानं कुणाचं काही घेतलं नाही, जस्टिन रोपांना पाणी घालत बसला असता आणि हा गायलाच असता, कसाही, कुठंही, लग्नाच्या वरातीत का होईना, पण गायलाच असता. कितीदा ओठावर आलं. पहिल्या वर्षी वाटलं, आत्ताच नको, ताजं आहे. मग त्याचा फोन यायला लागला. आता बघ ना — पाळकसाहेब बदलून गेले, ओमनं ढोल सोडले, जस्टिनच्या बरोबरची पोरं बाप झाली, माझी सख्खी बहीणसुद्धा आता म्हणते, सिल्व्हिया, किती दिवस? सगळ्या जगात एकच माणूस आहे जो मला फोन करून सांगतो, की मावशी, आज जस्टिन आला होता आणि त्यानं असं असं वाजवलं. मेल्यानंतर वाढतोय गं तो तिकडं! परवा म्हणला, नवीन काहीतरी वाजवत होता, पूर्वी कधी न ऐकलेलं. मी फोन कानाला लावून उभी, म्हणलं गुणगुणून दाखव, आणि त्यानं दाखवलं. ते मी कुठून आणणार होते? राजसला एकदा कळलं ना की त्याला नकोच होतं हे — मग डाव्या बाजूला तो नवा पोरगा जाऊन उभा राहील. राहावंच. तोही बिचारा किती दिवस एका कडेला वाजवणार? राजस झोपेल, चांगलं खाईल, कदाचित बायको परत येईल. आणि मला फोन कशाला करेल तो? नाताळात करेल. केक पाठवील.

रडू नकोस. तू का रडतेस? तू लहान आहेस, तुला वाटतंय सांगून टाकावं. आज रात्री भेटशीलच तू त्याला, स्टेजच्या मागं, विचारेलच तो, काय म्हणली मावशी. काय सांगणार आहेस? — नको. हात जोडते, नको सांगूस. त्याला नर्सरीतलं काय कळणार आहे, त्याला वाटेल मी त्याच्या समाधानासाठी रचलंय — नाही, नाही वाटणार असं, त्याला लगेच खरं वाटेल, ओळखतो तो जस्टिनला, म्हणेल हां, बरोबर, असंच म्हणला असेल तो. तेच तर. तेच तर भय आहे. किती वाळलाय गं तो, बघितलंस ना तू? मनगटं बघितलीस? माझ्या हातच्या गुळण्या केलेला पोरगा आहे तो.

तू जा आता. नाही, चहा नाही, काही नाही, तुझी श्रीरामपूरची गाडी जाईल, ऊठ. ते तुझं रेकॉर्डिंगचं मशीन घे. पुसू नकोस. पुस म्हणत नाही मी, आणि ठेव पण म्हणत नाही. तुला काय करायचं ते कर. मला विचारू नकोस, मला नाही सांगता येत, ऐकतेस का, जा म्हणते ना —