भागीच्या घरचं सारवण

गिलास हातात होता आणि मले तल्लफ नव्हती, हे आधी लिहून घ्या. दारू सोडल्याले एकोणीस दिवस झाले होते. हाताचं थरथरणं थांबलं होतं, जेवण जात होतं, तरी चार वाजता मी भागीच्या घरी जाऊन बसली. भागी म्हणजे आमच्या मोहल्ल्यातली दारूवाली, मोहाची काढते. काहून गेली, तं कंटाळा आला म्हणून.

काय सांगू तुम्हाले, दारूचं सारेच सांगतात, रिकाम्या वेळाचं कोणी सांगत नाही. मी किरनापुरकडची, चौथीपर्यंत शिकली, मंग धानाचे रोवणे, निंदण, कापणी. वावरातून आलो का आम्ही बाया भागीकडं बसत होतो, चार ते सात, तीस वर्षं. बालाघाटचा डॉक्टर म्हणे, बाई, आता एक गिलासही जास्त आहे. तं सोडली. दारू सुटली, पण चार ते सात तसेच उरले. अंगण झाडलं, तांदूळ निवडला, निवडलेला पुन्हा निवडला. घर शेणानं एवढं सारवलं का सून म्हणे, आई, जमीन वाळू तं द्या, पाय कुठं ठेवू. मी म्हटलं, माझ्या डोक्यावर ठेव.

तं गिलास हातात, अन् नजर खाली गेली. भागीची जमीन. पोपडे निघालेले, खड्ड्यात मुंग्या. तीस वर्षं त्याच जमिनीवर बसली, कधी दिसली नव्हती. म्हटलं, भागे, शेण आहे का. ती म्हणे, पेली नाही तं चढली कशी तुले. मी गिलास फळीवर ठेवला, पदर खोचला, मागं तिची गाय होती, शेण आणलं, माती कालवली, अन् भिंतीपासून दारापर्यंत सारवत आली. कोपरापर्यंत हात भरले. गिऱ्हाईक येऊन दारात उभे. मी म्हटलं, ओलं आहे, पाय टाकला तं तंगडी मोडीन. एक जण हसला, वापस गेला, मंग सारेच गेले. भागीनं माझा गिलास परत बाटलीत ओतला. म्हणे, बुढे, माझा धंदा बुडवला तू, पुन्हा दारात दिसू नको. हौ म्हटलं. सात वाजले होते. मले भूक लागली होती. घरी येऊन सुनेले म्हटलं, भात वाढ.

दुसऱ्या दिवसापासून चार वाजले का बादली घेऊन निघतो, ज्याच्या घरी मातीची जमीन त्याच्या घरी. आता मोहल्ल्यात सिमेंट होऊन राह्यलं, तं भिंती धरल्या, पांढरी माती लावतो. लोकं आधी हसत होते, आता सणाच्या आधी बोलावणं धाडतात, अन् मी पहिले कोणाकडं जाईन यावरून बाया भांडतात. कंटाळा अजूनही येते. येऊ द्या.

दारू सोडल्याले पाचवं वर्ष लागलं. माझ्यासोबत बसणाऱ्या सीता, पारबता, यमुना, तिघीही दारूनं गेल्या. मी सारजा, जिती आहो.