टाकी भरायला अर्धा तास

माझी जुनी गाडी पेट्रोलच घेत नव्हती, ते तुम्हाला सांगायचं राहिलंच. पंपाची नळी टाकीत घातली की खटकन बंद व्हायची. समोर इंजिनाचा पिवळा दिवाही लागलेला. पंपावरचा गंगाधर मग थेंबाथेंबाने टाकी भरायचा आणि अर्धा तास घरचं सगळं सांगायचा. घरी मी एकटा. आठवड्याचं माझं बोलणं म्हणजे तेवढंच.

शेवटी कळमनुरीच्या मिस्त्रीकडे गेलो. दर खेपेला टाकी भरताना काय झालं, त्याची नोंदवही मी त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती चाळली.

"सर, हितं गाडीचं कमी अन् गंगाधरच्या गाभण शेळीचंच जास्त लिहून राहिले तुमी."

मग त्याने टाकीतली हवा बाहेर सोडणारी नळी काढली. आत कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं.

"गाडी लई दिवस एका जागी उभी राहती तुमची," तो म्हणाला. त्याने नळी साफ केली आणि दिवाही घालवून दिला.

रविवारी पंपावर गेलो. "शेळी व्याली का?" एवढं विचारेपर्यंत टाकी भरली.

गंगाधरने झाकण लावलं. "आता काही तकलीफ न्हाई सर. जावा आरामात."

मागे एकही गाडी नव्हती. मी म्हणालो, "जरा हवा बघता का?"

"मागल्या रविवारीच चारी चाकांची बघितली की."

"स्टेपनीची राहिली."

गंगाधरने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग डिकी उघडता उघडता म्हणाला, "व्याली ना सर. दोन करडं झाली."