डावा कान

(संग्रहालयातली तपासणीची खोली. टेबलावर बुद्धाचं दगडी मस्तक. बहीण इथली तपासनीस. भाऊ तिच्याहून मोठा.)

बहीण : पुन्हा सांग. कुठे मिळालं म्हणालास?

भाऊ : सांगितलं ना, एका म्हाताऱ्याच्या कोठारात. किती उलटतपासणी घेशील? सख्खा भाऊ आहे मी तुझा.

बहीण : म्हणूनच. परका असता तर एकदाच विचारलं असतं.

भाऊ : अगं, दगड बघ ना, माझ्या तोंडाकडे काय बघतेस! कुरळे केस, सरळ नाक, अगदी ग्रीक देवाचं. डोळे मात्र पूर्वेकडचे, ध्यानात मिटत आलेले. एकाच दगडात दोन मुलखांचा हात. दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे, असं लिहून टाक म्हणजे झालं.

बहीण : इतकं पाठ करून आलायस, तिथेच पाणी मुरतंय. आणि या डाव्या कानाच्या पाळीचं काय?

भाऊ : बुद्धाच्या कानाच्या पाळ्या लांबच असतात. राजपुत्र होता, जड कुंडलं घालायचा.

बहीण : लांब असतात रे, फाटक्या नसतात.

भाऊ : तुटली असेल. एवढ्या वर्षांत राज्यं राहिली नाहीत, कानाचं काय घेऊन बसलीस!

बहीण : तुटली असती तर कड खरबरीत लागली असती. बोट फिरव. छिन्नीने चिरलीय, मग घासून गुळगुळीत केलीय. मुद्दाम.

भाऊ : मग त्या कारागिराला तसाच कान आवडत असेल.

बहीण : त्याने रोज तसाच कान बघितला असेल. तान्ही असताना मी आईची रिंग ओढली आणि तिचा कान फाटला. तू तर समोरच होतास.

भाऊ : (मस्तक ज्यातून आणलं ते पोतं उचलून त्याची घडी घालू लागतो.)

बहीण : बाबांनी केलंय ना हे?

भाऊ : हो. आई गेल्यावर. मग त्यांचे हात थरथरायला लागले, हे शेवटचंच. जन्मभर जुन्या मूर्तींच्या नकला घडवल्या, म्हणून लोक त्यांना नकल्या म्हणाले गं. म्हटलं, एकदा तरी त्यांचं काम इथे काचेत मांडलेलं दिसू दे.

बहीण : खोटं वय सांगून, वर माझी सही घेऊन? माझी नोकरी गेली असतीच, पण त्यांना नकल्याऐवजी लबाड म्हणाले असते लोक.

भाऊ : एवढा विचार नाही केला.

बहीण : बाबांना विचारून आणलंस?

भाऊ : नाही. सकाळपासून कारखान्यात शोधतायत.

बहीण : काय हरवलं म्हणतात?

भाऊ : ते सांगत नाहीत. नुसत्या आईला हाका मारतायत.

बहीण : ते पोतं दे इकडे. मानेखाली हात घाल. आणि कान सांभाळ.