हेर लॉइबल आणि दलदलीतली वाट

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय स्वरूपाताई, सत्कारमूर्ती हेर, म्हणजे श्रीयुत, लॉइबल, रेगेन्सबर्गहून मुद्दाम आलेले पाहुणे, आणि फराळाचा वास येत असूनही शांत बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो! माझी लेक अन्वी हेर लॉइबलना कानात जर्मनमध्ये सगळं सांगते आहे, तेव्हा मी जरा सावकाश बोलेन.

आपलं हे उंटरमोसिंग गाव कसं वसलंय, कधी नीट पाहिलंत? मधे खडी-वाळूचा छोटासा उंचवटा. त्यावर चर्च, बेकरी आणि आपण. तिन्ही बाजूंना मोस, म्हणजे दलदल. वरून गवत दिसतं, पाऊल ठेवलं की खाली पाणी. सहा वर्षं मी इथून कारखान्यात ये-जा करत होतो, आणि मला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

२०१४च्या नोव्हेंबरात माझे वडील, वासुदेवराव, संगमनेरहून आले होते. दुपारी फिरायला निघाले. "अहो बाबा, धुकं येतंय," माझी बायको सुरेखा म्हणाली. "आलोच गं," म्हणाले. चार वाजता समोरचं घर दिसेना, आणि बाबांचा पत्ता नाही.

हेर लॉइबल म्हणजे या दलदलीचे वाटाडे. मी त्यांचं दार ठोठावलं. त्यांनी वय विचारलं नाही, कपडे विचारले नाहीत. विचारलं, "तुमच्याकडे वाट चुकली की माणूस काय करतो?"

"ओढ्याच्या पाण्याबरोबर खाली जातो. खाली गाव असतं."

"गेनाऊ! अगदी बरोबर! तेही पाण्याबरोबरच गेले असणार. पण इथलं पाणी गावापासून लांब जातं, डोनाऊ नदीकडे." खांद्यावर फळी टाकून ते निघालेसुद्धा.

पाण्याच्या चराच्या कडेने आम्ही तासभर हाका मारत गेलो. शेवटी ओ आली. बाबा मांड्यांपर्यंत चिखलात, बर्चच्या झाडाला मिठी मारून. मी धावलो, तर यांनी कॉलर धरून मला मागे ओढलं. मग सत्तरीचा हा माणूस फळीवर पालथा पडला, पुढे सरकला, आणि त्याने बाबांना हळूहळू बाहेर काढलं. बूट तेवढे मोसने ठेवून घेतले.

काल बाबा फोनवर म्हणाले, "हरीश, परवा मला ऐंशी पूर्ण झाली ती त्यांच्यामुळे. माझा नमस्कार सांग."

आता हेर लॉइबल मुलीकडे स्टुटगार्टला चाललेत. गेली दोन वर्षं दर रविवारी त्यांनी मला इथला एकेक चर, एकेक बांध दाखवला. येत्या रविवारपासून वाटाड्या मी.

हेर लॉइबल, तुमचे आभार कुठल्या भाषेत मानू? आपल्या मराठी मंडळाचे आणि आपणा सर्वांचेही आभार. बोलण्यात कुठे चुकलो असेन तर सांभाळून घ्या. दलदलीत मात्र चुकणार नाही.