देवाला सांगितलेल्या चौघी

हॅलो? … हो आई, भक्तीच बोलतेय. … मालवणात. जाळ्यांच्या दुकानात, तंबूला दोरी बघतेय. तीन मिलिमीटरची. बोल.

देवळात? … माझ्या नॉर्वेसाठी गाऱ्हाणं घातलंस? अगो, सांगायचंस तरी… बरं, बरं. गाऱ्हाणं सांगताना भाई मानकरी देवाला काय म्हणाले? … 'ह्या चार चेडवांका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा'…

चार मुली? आई, चार कुठल्या?

थांब, थांब. तू भाईंना सांगितलंस, आम्ही चौघी जातोय? … अगो, मी एकटी जातेय! महिनाभर तुला नकाशा दाखवतेय… लोक 'एकटी कशी?' विचारतात म्हणून? मग लोकांना सांगायचं, देवाला कशाला? … हो, अख्खा गाव 'व्हय म्हाराजा' म्हणाला, कळलं.

नाही, शेजारच्या दिव्याला चल म्हणून नाही विचारणार. … तिला कट्टा गावाहून तळेऱ्याला जाताना गाडी लागते, ती नॉर्वेला कुठली येतेय?

चौघी झाल्याशिवाय पासपोर्ट देणार नाहीस म्हणजे? आई, सोमवारी मुंबईत व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायचेत. … पुढची तारीख ऑगस्टमधली. तोवर तिकडचा उन्हाळा संपतो.

ऐक ना… ऐक. तिथे कायदाच आहे. घरांपासून दीडशे मीटर लांब, मोकळ्या जमिनीवर, दोन रात्री कुणीही तंबू लावावा. … नाही गो, कुणी हाकलत नाही. … काळोख पडतच नाही जूनमध्ये, मी जाते त्या भागात. … अस्वलं? माझ्या वाटेवर नाहीत. आपल्याकडे बिबटा अंगणातून कुत्रा नेतो, त्याचं काय?

…हॅलो? आई? … रडतेस?

भीती कशाची वाटते, देवाची की माझ्या एकटीने जाण्याची? … दोन्ही. बरं. … मलाही वाटते. खरंच. म्हणून तर सगळं मोजूनमापून घेतेय.

मग असं करूया. पुन्हा गाऱ्हाणं घालू, खरं सांगून. … लाज कसली? चुकलं म्हणायचं. नारळ मी आणते, भाईंशी मी बोलते…

काय? … तू? तू सांगणार? सगळ्यांसमोर? … 'माजा चेडू एकटाच जाता'… असंच म्हणणार?

…

हो. … हो, ऐकतेय, आई.

कडी? तंबूला कडी नसते गो, चेन असते. … आतूनच लागते. … कुलूप? हं… चेनच्या दोन टोकांत लहानसं बसेल. … घेते. … हो, पितळेचंच घेते. ठेव आता.