उजवीकडून पहिलं चित्र

पार्सल बांधलेलं आहे रे, तू कुठे बघतोयस ते कळतंय मला—काउंटरखाली, दोरी लावून—देतो, ते काय पळून जात नाही, तू आधी बस. गाडी राहू दे तिथेच, सलमाबादच्या या गल्लीत दुपारचा कोण हॉर्न वाजवायला येतोय. बस विनीत. चहा घे. साखर कमी सांगितलीय तुझी, तरी तो मलबारी चहावाला ऐकेल तेव्हा खरं. आणि म्हाताऱ्याचं एक काम कर—ही पट्टी बघ. तीन चित्रं आहेत. नाही, तोंडाने काही सांगू नकोस, नुसतं बोट ठेव. समज, तू इस्त्रीच्या त्या मोठ्या रोलरवर उभा आहेस, चादर आत अडकलीय, आणि समोर भिंतीवर हे लावलंय—तर आधी काय करशील? पहिलं चित्र कुठलं? ठेव बोट.

हां.

नाही, नाही, चुकलास असं कुठे म्हटलं मी? उचलू नकोस बोट. राहू दे तिथेच. डावीकडचं. हाताचं चित्र. म्हणजे आधी हात घालून चादर ओढायची, मग कुलूप, मग बटण—असंच ना? असंच. तू तसंच बघणार. तू गुहागरच्या मराठी शाळेत गेलास, तुझ्या बाईंनी तुझं बोट धरून डावीकडून उजवीकडे नेलं असेल, तू दुसरं कुठून बघणार?

चहा पी. थंड होतोय.

मी शाळेत गेलो नाही, तुला माहीत आहे. हर्णैला मदरशात बसलो तेवढाच—अलिफ, बे—तेही अर्थ न कळता, नुसतं डोलत वाचायचं. पण उस्तादजींची छडी उजवीकडून निघायची आणि डावीकडे जायची. तेवढं एक डोळ्यात बसलं ते बसलं. मराठी येत नाही वाचायला, इंग्रजी तर नाहीच—या बोर्डांच्या दुकानात इंग्रजी अक्षरं मी भाजी चिरतात तशी कापत आलो, आकार बघून. आणि म्हणून—हे मी मोठ्या तोऱ्यात सांगायचो सगळ्यांना—म्हणूनच म्हणायचो, धोक्याच्या बोर्डावर अक्षरं नकोत. चित्र काढा. ज्याला वाचता येत नाही त्याचा हात काय लोखंडाचा असतो? नेपाळी आहे, बंगाली आहे, माझ्यासारखा अंगठेबहाद्दर आहे, मशीन काही विचारत नाही तू किती शिकलास. चित्र सगळ्यांना कळतं. असं म्हणायचो मी. खिजर, माझा पुतण्या—दुकान आता त्याचंच, मी आपला बसून चित्रं काढतो, तो ती कॉम्प्युटरवर घेतो—तो हसायचा, म्हणायचा, चाचा, तुम्ही तर इंजिनियर झालात. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं.

तर हे रोलरचं चित्र माझं आहे. लाल बटण दाबणारं बोट—मशीन बंद. मग मेन स्विचला कुलूप—कोणी चुकून चालू करू नये म्हणून. आणि मग, सगळं शांत झाल्यावर, हात घालून चादर काढायची. बंद, कुलूप, हात. पण बटण मी ठेवलं उजवीकडे. विचार करून ठेवलं का? नाही रे. विचार केला असता तर बरं झालं असतं. हात आपोआप तिकडे गेला. पहिलं चित्र म्हणजे उजवीकडचं—यात विचारायचं काय, असं. खिजरने मध्ये बाण टाकले होते, एकातून दुसऱ्यात जाणारे. मीच काढायला लावले. म्हटलं, बाणांच्या गर्दीत चित्र दिसत नाही, माझं कुलूप बघ कसं बारीक झालंय. कुलूप मोठं करून घेतलं मी. बघ ना, केवढं मोठं आहे. छान आहे कुलूप.

मग इथल्या लॉन्ड्रीचा फोरमन आला, हाशिम, अरादचा—स्वभावाने सोन्यासारखा माणूस, पण अरबी माणूस, तो कुठून बघणार? त्याने पट्टी हातात घेतली आणि असं उजवीकडून बोट फिरवलं—बंद, कुलूप, हात—आणि म्हणाला, मिया मिया, चाचा! शंभर टक्के. त्याच्या बरोबरच्या पठाणाला दाखवलं. तो उर्दू शिकलेला. तोही म्हणाला, एकदम साफ है. मग काय, लागली पट्टी रोलरवर. तुमच्या शेठने ती तिथे बघितली आणि हमद टाउनच्या तुमच्या लॉन्ड्रीसाठी मागितली. तेव्हा पण तूच नेलीस ना?

तूच.

प्रशांत माहीत आहे ना तुला? हाशिमच्या लॉन्ड्रीतला, महाडचा, दात पुढे आहेत थोडे, दर शुक्रवारी क्रिकेटला येतो आणि शून्यावर बाद होतो तो. हां, तोच, हात गेला तो. सगळीकडे बातमी पोचलीय म्हणजे. काय बातमी पोचली तुझ्यापर्यंत? सांग ना. निष्काळजीपणा केला, बोर्ड समोर होता तरी बघितला नाही—हेच ना? हाशिम पण हेच सांगतोय सगळ्यांना. बोर्ड होता, बघितला नाही, खलास. आता हाताचं बँडेज सुटलं की निष्काळजी माणूस म्हणून त्याला घरी पाठवणार. व्हिसा रद्द.

बघितला होता रे त्याने बोर्ड.

तो इतके दिवस घडी घालायच्या टेबलावर होता, रोलरवर नवीन. जुना माणूस भिंतीकडे बघतो का कधी? त्याचे हातच सगळं करतात. बघतो तो नवीन. जो बिचारा सांभाळून काम करायला बघतो तोच बघतो. मी गेलो परवा हॉस्पिटलात, संत्री घेऊन. हाताला एवढं मोठं बोचकं बांधलेलं, डॉक्टर अजून सांगत नाहीत किती बोटं राहतील. आणि तो मला म्हणतो—चाचा, मी बघूनच केलं हो. बोर्ड बघितला, मगच हात घातला. आणि चांगल्या हाताने असं हवेत दाखवलं—चादर ओढा, कुलूप लावा, मग बटण दाबून परत चालू करा. डावीकडून उजवीकडे. मी संत्रं सोलत होतो. सोलतच राहिलो. सालं काढली, मग वरच्या शिरा काढल्या, एकेक फोड साफ करत बसलो.

तेवढ्यात त्याच्या बायकोचा फोन आला गावाहून, तेजस्वीचा. त्याने माझ्या कानाला लावला. ती पोर मला म्हणते, चाचा, तुम्ही मोठे आहात, तुमचं ऐकतील ते, त्यांना सांगा ना, नीट बघून काम करत जा म्हणावं. मला म्हणते. आणि मी काय बोललो? हो म्हटलं. सांगतो म्हटलं. इंशाल्ला सगळं ठीक होईल म्हटलं. अल्ला माफ करो.

नको रे, तू नको समजूत घालूस. माझ्या मनात नव्हतं ते मला ठाऊक आहे. मनात नव्हतं म्हणून त्याची बोटं परत येतात का? आणि पट्टीचं सोड. पट्टी न कळून झाली. गप्प बसलो ते कळून बसलो. खिजरला घरी येऊन सांगितलं, तर त्याने दरवाजा लावून घेतला. म्हणाला, चाचा, हे बाहेर बोललात तर उद्या कोण बोर्ड करायला येईल आपल्याकडे? तुमचा व्हिसा याच दुकानावर आहे, विसरलात? पास करणारा हाशिम आहे, आपण नाही. तो वाईट नाही, घाबरलाय. पोरं लहान आहेत त्याची. मी म्हटलं, बरं. म्हटलं, आधी विचारून तर बघू लोकांना, कदाचित एकट्या प्रशांतचीच नजर चुकली असेल. आणि आज सकाळपासून ही पट्टी घेऊन फिरतोय—हे बोट ठेवायचं नाटक तुझ्यापासून नाही सुरू झालं. आठ-दहा जणांना विचारलं. सगळ्यांनी उजवीकडे बोट ठेवलं. सगळ्यांनी! किती हलकं वाटलं मला. याच पट्ट्यांचं तुमचं पार्सल तेव्हाच बांधलं, याच हातांनी, गाठ मारून.

कुणाला विचारलं म्हणतोस?

मशिदीत विचारलं रे. फजरच्या नमाजानंतर, पहाटे. पायऱ्यांवर जे भेटले त्यांना. मग त्या पठाण शिंप्याला. मग समोरच्या अरबी म्हाताऱ्याला, जो खुर्ची टाकून बसतो. बाजूच्या गॅरेजमध्ये दोन बिहारी आहेत, हिंदी शिकलेले, रोज सलाम करतात मला—त्यांच्या दारावरून गेलो आणि आत नाही शिरलो. पाय शिरलेच नाहीत. कळतंय ना तुला, मी काय करत होतो? मला तेव्हा कळलं नाही. किंवा कळलं असेल. आणि तू आलास तेव्हा सुद्धा—आत्ता, ही पट्टी तुझ्यासमोर धरली तेव्हा सुद्धा—मनात काय होतं सांगू? या पोराने उजवीकडे बोट ठेवावं. एकदा ठेवावं, की पार्सल देतो, चहा पाजतो आणि मोकळा होतो. तुझं बोट डावीकडे गेलं तेव्हा, खरं सांगतो विनीत, क्षणभर तुझाच राग आला मला.

असा मी चाचा.

काय म्हणालास? रोलरवर कोण आहे तुमच्या? नाही, जुना तो नेपाळी होता ना, तो बरा होता, तो तर भिंतीकडे—गावी गेला? कधी? मग आता कोण? बाळाजी? तुझ्या खोलीतला बाळाजी? शेतावरून आलेला तो, लाजतो तो? कधीपासून? आणि तू हे आता सांगतोस—नाही, नाही, तू कसा सांगणार, तुला काय माहीत. मीच बोलत बसलोय. चहा पी, चहा पी करत बसलोय आणि तिकडे ते मशीन चालू. फोन लाव. शेठला नको, बाळाजीला. कामावर फोन खिशात ठेवतो ना तो? लाव. लाव रे बाबा.

वाजतोय?

उचलेल. आवाज असतो तिथे. परत लाव. हे बघ, तोवर मी—कटर कुठे गेला—तोवर ही पट्टी कापतो. अशी. आणि अशी. झाली तीन. आता एकाखाली एक ठेवतो, बटण वर, कुलूप मध्ये, हात सगळ्यात खाली. आता बघ. बोट नको ठेवूस, नुसतं बघ. उभं असलं की अरब वरूनच सुरू करणार, पठाण वरूनच, तू पण वरूनच. एवढंच होतं. भाकरीच्या चवडीसारखं एकावर एक. चादरीएवढी आडवी भिंत बघितली आणि मला आडवंच सुचलं.

उचलला? दे. दे माझ्याकडे.

हॅलो. बाळाजी? मी मुनाफचाचा, सलमाबादहून, बोर्डवाला. ऐक बाळा, रोलरच्या वर भिंतीवर चित्रांची पट्टी आहे ना, ती फाडून—थांब! थांब, हात वर नको नेऊस. माझं चुकलं सांगायला, परत चुकलं. आधी मशीन बंद कर. लाल बटण. आधी तेच. मी फोन धरून आहे, जा… केलंस? आवाज गेला, हां, मला पण ऐकू आलं. आता स्विचला कुलूप लाव. लावलंस? आता पट्टी काढ. सगळी खरवडून काढ, एक चित्र पण ठेवू नकोस. का म्हणजे? उलटी आहे ती, बाळा. उलटी लागली. कोणी म्हणजे? मी. मुनाफने. शेठने विचारलं तर हेच नाव सांग, दुसऱ्या कुणाचं नको. जेवलास का? बरं. ठेव.

घे फोन तुझा.

हे तीन तुकडे घे, वरून खाली लाव, वाकडे लागले तरी चालतील, पण खालचं वर नको. पार्सलला हात लावू नकोस, ते इथेच राहणार. पैसे-बिल नंतर, ते खिजरचं तो बघेल. आणि जाताना मला हाशिमच्या लॉन्ड्रीच्या गेटवर सोड—नाही, नको, दोन गल्ल्या तर आहेत, चालत जातो. चालत गेलो तर वाटेत ते गॅरेज लागेल, त्या बिहाऱ्यांना विचारतो एकदा. आता विचारायला काय. मग हाशिमला सांगेन, बोर्ड प्रशांतने बघितला होता. चुकीचा बोर्ड नीट बघितला होता. आणि संध्याकाळी हॉस्पिटलात. तेजस्वीचा फोन येतो त्या वेळेला.

ही गाडी कुणाची वळली? खिजर आला. बघ, पार्सल बघेल आणि विचारेल अजून इथेच कसं. विचारू दे. तू नीघ. नाही, तू थांबू नकोस मध्ये, तुझ्यासमोर तो बोलणार नाही आणि मला त्याचं सगळं ऐकायचंय. यल्ला, जा. कप राहू दे तिथेच, मी धुतो.