जयवंताच्या सासूचे गुडघे

सौंसरहून रामाकोन्याला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर दोन नर्सबाया होत्या. थोरल्या सुधाताई. धाकटी अनुराधा, मांडीवर कुटुंब नियोजनाच्या चित्रांचा तक्ता घेऊन.

“ताई, कलाबाईच्या सासूले हा तक्ता दाखवला, तं तिनंच सुनेले ऑपरेशनले आणलं. म्हणून जयवंताच्या सासूलेबी दाखवला.”

“मंग?”

“मले घराबाहेर काढलं. आता सुनेले, जयवंताले, विहिरीवरबी जाऊ देत नाई. मागच्या बाळंतपणात मरता मरता वाचली थे. पुढचं निभणार नाई म्हणते डॉक्टर. तिले सोताले ऑपरेशन कराचं हाय.”

“कलाबाईच्या सासूची लेक बाळंतपणात गेली, म्हणून तिले समजलं. हिले नातू पाह्यजे. दोन्ही घरी एकच पोथी वाचली तू!”

“मंग सोडून देऊ?”

“सोडते कायले? म्हातारीचं काही दुखते का?”

“गुडघे. मले हाकलताना उठतबी नव्हतं येत.”

“हाकललं तरी बसल्या बसल्याच ना? मंग आज गुडघे चोळून दे. उद्याबी जाजो, परवाबी. तक्त्याचं नावच काढू नको.”

“अन् जयवंताशी कधी बोलू?”

“तेल गरम करायले चुलीपाशी जाशीन का नाई? तिथं कोण बसली रायते वं? अन् म्हातारी काही उठून येत नाई.”

रामाकोना आलं. अनुराधा टुणकन उतरली.

“अवं बाई, तक्ता राह्यला तुझा!”

“राहू द्या तुमच्यापाशी. तेल तिळाचं घेऊ का मोहाचं, थे सांगा!”